गटाची भाजीपाला रोपवाटिका: सुरुवात किती ट्रेपासून करावी?

मीनानदीकाठ

नमस्कार मंडळी. पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात आमचा दहा जणींचा बचत गट आहे, उमेदमध्ये (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात) नोंदवलेला. गटातल्या बऱ्याच जणी हंगामात आसपासच्या नर्सऱ्यांवर रोजंदारीनं ट्रे भरायला आणि बी टोकायला जातात. म्हणजे हाताला सवय आहे, पण खरेदी, हिशेब, गिऱ्हाईक ही बाजू कोणीच पाहिलेली नाही. आता गटाचीच रोपवाटिका काढायचं चाललंय.

जागा 3 गुंठे, एका सदस्येच्या घराला लागून. सातबारा तिच्या मालकांच्या, म्हणजे नवऱ्याच्या, नावावर. पाणी बोअरचं. गटाच्या बचतीतून आणि बँकेच्या कर्जातून लाख-सव्वा लाख उभे राहतील. नारायणगावचा टोमॅटो बाजार जवळ असल्यानं टोमॅटोची रोपं खपतील असं सगळे म्हणतात.

शेडनेट आधी उभारावं की अनुदानाची वाट पाहावी? पहिल्या खेपेला किती ट्रे घ्यावेत? आणि नवीन नर्सरी बहुतेक कशानं बुडते, तेही स्पष्ट सांगा.

ट्रे_१०४

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. नवीन नर्सरी रोगानं कमी बुडते, बुकिंग नसताना टाकलेल्या रोपांनी जास्त बुडते. टोमॅटोचं रोप 22 ते 28 दिवसांत लावणीला येतं. पस्तिसाव्या दिवशी तेच रोप ट्रेमध्ये मुळ्यांचा गुंता करून बसलेलं असतं, खालची पानं पिवळी पडलेली, आणि फुकट दिलं तरी कोणी उचलत नाही. त्यामुळे पहिला हंगाम फक्त ऑर्डरवर. शक्यतो शेतकऱ्याचं बी, तुमची मजुरी आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). दर्जेदार संकरित टोमॅटोच्या बियाचा खर्च रोपाच्या बाकी सगळ्या खर्चापेक्षा जास्त जातो. तो धोका पहिल्याच वर्षी अंगावर घेऊ नका.

आता आकडे. 104 कप्प्यांचा ट्रे साधारण 54 बाय 28 सेंटिमीटर. एका गुंठ्यात चालायची वाट सोडून साठ टक्के जागा वापरली तर 400 ट्रे बसतात, म्हणजे 41,000 च्या वर रोपं. टोमॅटो 5 फूट बाय सव्वा फुटावर लावला तर एकराला जवळपास 7,000 रोपं लागतात. म्हणजे एक गुंठा भरला की पाच-सहा एकरांची सोय झाली. पहिल्या खेपेला एवढंच करा. तीन गुंठे एकदम भरू नका. 1,200 ट्रेंना पाणी घालणं आणि 400 ट्रेंना घालणं हे वेगळंच काम आहे. उन्हाळ्यात दोन-तीन वेळा झारी फिरते तेव्हा कळतं.

कोकोपीट घेताना धुतलेलं, कमी ईसीचं मागा (ईसी म्हणजे क्षार किती आहेत त्याचं माप). न धुतलेल्यात मीठ असतं, बी उगवतं पण पानाच्या कडा करपतात आणि रोप तिथंच थांबतं. खिशातला ईसी मीटर फार महाग नसतो, तो घ्याच. भिजवलेलं कोकोपीट पिळून निघालेलं पाणी मोजा, 1 mS/cm च्या आत हवं. जास्त आलं तर साध्या पाण्यानं आणखी दोनदा धुऊन निथळू द्या. बोअरचं पाणीही त्याच मीटरनं मोजा. ते दीडच्या वर असेल तर पावसाचं पाणी साठवून त्यात मिसळावं लागेल. 5 किलोची वीट 20-25 लिटर पाण्यात फुलते आणि 20 ते 25 ट्रे भरतात. ओलावा मुठीत बघायचा: दाबल्यावर बोटांमधून दोन-चार थेंब यावेत आणि मूठ उघडल्यावर गोळा टिकावा. धार लागली तर जास्त झालं. ट्रे भरताना वरून तळहातानं ठासू नका. ठासलेल्या कप्प्यात हवा राहत नाही आणि मुळी वरच्या वर फिरते.

बी अर्धा सेंटिमीटर खोल, एका कप्प्यात एकच. वरून कोकोपीटचा पातळ थर. मग आठ-दहा ट्रे एकावर एक रचून काळ्या प्लॅस्टिकनं गुंडाळायचे. सर्वांत वर रिकामा ट्रे ठेवा. थप्पी फळीवर आणि सावलीत असू द्या. एप्रिल-मे महिन्यात थप्पीच्या आत पस्तीस अंशांच्या वर ऊब गेली की टोमॅटोची उगवण पडते.

जपायची वेळ पुढची आहे. टोमॅटोला उन्हाळ्यात तिसऱ्या दिवसापासून आणि थंडीत पाचव्यापासून सकाळ-संध्याकाळ थप्पी उघडून पाहायची. मधल्या एका ट्रेत वाकडे पांढरे कोंब दिसायला लागले की त्याच वेळी सगळे ट्रे पसरायचे. "अजून थोडे उगवू देत" म्हणून रात्रभर ठेवले की सकाळी दोन-दोन इंचांचे पिवळे दोरे उभे असतात. ते नंतर कधीच सरळ होत नाहीत, सगळी खेप वाया. कोबी-फ्लॉवर तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच येतो. मिरची उलट रेंगाळते, आठवडा घेते, थंडीत त्याहून जास्त.

ट्रे मातीवर ठेवू नका. खाली तणरोधक कापड आणि त्यावर विटा किंवा पाइप, ट्रेच्या तळाशी हवा खेळली पाहिजे. मुळी भोकातून बाहेर आली की हवेनं आपोआप सुकते आणि आत फुटवे घेते. मातीवर ठेवलं तर ती जमिनीत शिरते आणि ट्रे उचलताना तुटते, वर सूत्रकृमी येतात ते वेगळंच.

बांधावरची

वरच्या बहुतेक गोष्टी बरोबर, पण अनुदानाचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते.

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजना 2020-21 पासून आहे. शेडनेट, पॉली टनेल, फवारणी पंप आणि क्रेट यांना मिळून 50 टक्के, जास्तीत जास्त 2 लाख 30 हजार. अर्ज सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर. निवडीत पहिला नंबर कृषी शिक्षण घेतलेल्या महिलांचा, दुसरा महिला गट आणि महिला शेतकऱ्यांचा. कागदावर तुमच्यासाठीच आहे असं वाटेल. पण अट अशी की अर्जदाराच्या मालकीची किमान 0.40 हेक्टर जमीन हवी आणि पाण्याची कायमची सोय हवी. तुमच्याकडे 3 गुंठे, तेही मालकांच्या नावावर. म्हणजे प्राधान्य बाईला आणि सातबारा बुवाचा! इथंच बहुतेक गटांचा अर्ज अडतो.

यातून वाट आहे, पण आधी घरात बोलावं लागेल. ज्या सदस्येच्या घरी चाळीस गुंठे किंवा जास्त आहे, तिचं नाव सहखातेदार म्हणून सातबाऱ्यावर चढवता येतं. नवऱ्यानं स्वतःहून अर्ज करून पत्नीचं नाव लावण्यासाठी राज्यात 1992 पासून लक्ष्मी मुक्ती योजना आहे. तलाठ्याकडे अर्ज, मग फेरफार. जमिनीवर बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा असेल तर तो आधी सांगा, लपवू नका. फेरफाराची नोटीस निघते, हरकतीची मुदत असते, त्यामुळे हंगामाच्या तोंडावर धावपळ करून काही होत नाही. दिवाळीनंतर लागा.

तोवर जागेचं काय? ज्यांची जागा आहे त्यांच्याकडून गटाच्या नावे भाडेकरार करून घ्या, निदान तीन वर्षांचा, भाड्याचा आकडा टाकून. "आपलीच जागा आहे, कागद कशाला" हे वाक्य धंदा चालू लागेपर्यंत टिकतं. नर्सरी चालली की दीर म्हणतात जागा आम्हाला हवी. करारात पाणी आणि वीजबिल कोण देणार तेही येऊ द्या.

अनुदानाची वाट मात्र पाहू नका. अनुदान खर्च झाल्यावर हप्त्यानं येतं, पैसे आधी गटालाच उभे करावे लागतात. यंदा तालुक्याला लक्ष्यांक (किती अर्ज मंजूर करायचे तो आकडा) आहे का, भाडेकराराची जमीन चालते का, हे तालुका कृषी कार्यालयात समोर बसून विचारा. पहिल्या 400 ट्रेंना बांबूच्या किंवा पाइपच्या कमानी आणि त्यावर 40 मेशची (इंचाला 40 छिद्रांची) पांढरी जाळी पुरते. बेड एक मीटर रुंद, जाळीच्या कडा मातीत गाडलेल्या. जूनच्या पावसात वर प्लॅस्टिक हवंच, नाहीतर थेंबांच्या माऱ्यानं कप्प्यातलं कोकोपीट उडतं.

पानावरचा_डाग

रोगाचं थोडं मी लिहितो, कारण वर "रोगानं कमी बुडते" असं म्हटलंय. पैसे बुडण्यापुरतं ते खरं असेल. पण नाव बुडतं ते रोगानंच.

टोमॅटोत पर्णगुच्छ, आपण बोकड्या म्हणतो तो, पांढरी माशी आणते. नर्सरीत माशीनं एकदा रस शोषला की रोप विकताना टवटवीत दिसतं आणि शेतात गेल्यावर पंधरा-वीस दिवसांत शेंडा आक्रसतो. शेतकरी मग बियाला नाही, तुम्हाला धरतो. हिरवं शेडनेट म्हणजे कीडरोधक जाळी नव्हे. माशी त्यातून सहज जाते. पांढरी 40 मेशची, जमलं तर 50 ची घ्या. मोठी खोली केली तर दार दुहेरी, एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. आत पिवळे चिकट सापळे रोपांच्या उंचीवर टांगा. पन्नास फुटांवर जुनी टोमॅटोची किंवा मिरचीची वाळत चाललेली झाडं उभी असतील तर जाळीचा निम्मा उपयोग गेला.

दुसरा घात म्हणजे रोप कोलमडणं. जमिनीलगत खोड पाणीदार होऊन बारीक होतं आणि रोप आडवं पडतं. करते ती बुरशी, पण तिला वाव बहुतेक वेळा जास्तीचं, त्यातही संध्याकाळचं पाणी देतं. सकाळी पाणी घाला, दुपारी ट्रे हलका झाला तर पुन्हा, आणि चारनंतर हात आखडा. ट्रे उचलून वजनावर ओळखायचं, वरचा रंग बघून नाही. वरचा थर वाळतो आणि खाली चिखल असतो. भरतानाच कोकोपीटमध्ये ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी मित्रबुरशी) मिसळा. तरी दिसलं तर तो ट्रे बाजूला काढून बाकीच्यांना कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम घेऊन आळवणी, म्हणजे मुळाशी ओतायचं. ट्रायकोडर्मा आणि तांबेयुक्त औषध एकत्र देऊ नका, पहिलं मरतं.

तिसरं जरा नाजूक आहे, पण लिहायलाच हवं. मशेरी. तंबाखू आणि मशेरीतून मोझॅकचा विषाणू हाताला लागतो आणि टोमॅटो-मिरचीच्या कोवळ्या पानाला हात लागला की पसरतो. सकाळी मशेरी लावून थेट बी टोकायला किंवा विरळणीला बसलं की चाळीस हजार रोपांवर हात फिरतो. दारात साबण आणि पाण्याची बादली ठेवा, आत येणाऱ्या प्रत्येकीनं, आणि रोपं बघायला आलेल्या शेतकऱ्यानंसुद्धा, कोपरापर्यंत हात धुवायचे. एकीला वेगळं सांगायचं नाही, पाटी लावायची. बिडी-तंबाखूवाल्या गिऱ्हाइकाला आत घेऊच नका, दोन ट्रे बाहेर आणून दाखवा.

जुने ट्रे परत वापरताना 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम ब्लिचिंग पावडरचं द्रावण, अर्धा तास बुडवून साध्या पाण्यानं धुऊन कडक उन्हात. हातमोजे घाला, आणि हे काम उघड्यावरच करा.

मीनानदीकाठ

सगळ्यांचे आभार. मशेरीचं वाचून गटात हशा पिकला आणि मग दोघी गप्प झाल्या. बादली नक्की ठेवू.

दोन गोष्टी अजून. खत कधीपासून द्यायचं? आणि आम्ही मजुरीला जातो तिथं दर ट्रेमागे ठरतो, गटाच्या कामात आम्ही आपापली मजुरी धरायची की नाही? काही जणी म्हणतात नफा झाल्यावरच वाटू.

खतावणी

मजुरी पहिल्या दिवसापासून धरा, आणि हातात द्या. नफ्यावर ठेवलं तर जिच्या घरी दुसरं उत्पन्न आहे ती टिकते, आणि जी रोजंदारीवर जगते ती आठवड्यात परत दुसऱ्याच्या नर्सरीवर जाते. गट कागदावर दहाचा उरतो आणि काम चौघींचं. सावडीनं (आळीपाळीनं एकमेकींकडे, बिनमजुरी) काम करणं वेगळं, धंदा वेगळा. हजेरीवही ठेवा, तासावर. मजुरी कामाप्रमाणे, नफा भागाप्रमाणे, आणि हे दोन आकडे वहीत कधीही एकत्र करू नका.

400 ट्रेंच्या आसपास हिशेब कसा बसतो तो दाखवते. दर मी धरलेले आहेत, तुम्ही तुमच्याकडचे टाका. शेतकऱ्याचं बी, 40,000 बियांची ऑर्डर, 385 ट्रे. कोकोपीटच्या 18 विटा, 150 रुपयांनी 2,700. ट्रे 12 रुपयांचा, चार खेपा चालला असं धरून खेपेला साधारण 1,200. हातानं भरून टोकायला एक जण दिवसाला 50 ट्रे करते, म्हणजे 8 दिवस. पाणी आणि देखरेखीचे तास जोडून 7 दिवस, भरून द्यायला 2. सतरा दिवस 350 नं झाले 5,950. खत-औषध-वीज 1,000. जाळी-कमानींची झीज आणि जागेचं भाडं 2,000. बेरीज 12,850. पाच टक्के मर धरून 38,000 रोपं हाती आली तर रोपामागे 34 पैसे पडले. करणावळ (रोप करून द्यायचा दर) 60 पैसे मिळाली तर 22,800 येतात, म्हणजे सगळ्यांची मजुरी देऊन 9,950 उरले. आता यात मर पाचाऐवजी वीस टक्के करून बघा, म्हणजे झारीवर कोणाला ठेवायचं ते ठरवताना भीड पडणार नाही.

बुकिंगला निम्मा इसार, उरलेले गाडी भरताना. उधारी नाही. गावात नात्यात नाही म्हणता येत नाही हे कळतं, म्हणून तो नियम गटाच्या ठरावात लिहून भिंतीवर लावा, म्हणजे "ताई, गटाचा नियम आहे" म्हणता येतं. पावतीवर पीक, वाण, बियाचा लॉट नंबर, टाकल्याची तारीख, नेण्याची तारीख, आणि त्यानंतर चार दिवसांनी जबाबदारी शेतकऱ्याची, एवढं हवंच. बियाची रिकामी पाकिटं वर्षभर जपून ठेवा. उगवण कमी आली तर बोलायला तेवढाच पुरावा. ट्रे शेतकऱ्याकडे गेले तर त्याची अनामत वेगळी घ्या, नाहीतर ते कोंबड्यांच्या खुराड्यावर दिसतात.

क्यूआर कोड गटाच्या खात्याचा. कोणाच्या मालकांच्या मोबाइलवर "सध्यापुरतं" पैसे घेऊ नका. आणि कार्डावर, पाटीवर नंबर बाईचाच. शेतकरी नर्सरीत येऊन "मालक कुठंयत" विचारतात. वाण, तारीख, दर हे उत्तर देणारी जी असेल तिलाच ते पुढच्या वेळी फोन करतात.

स्वतः बी विकत घेऊन रोपं विकायला लागाल तेव्हा एक ध्यानात ठेवा, बियाणे कायदा 1966 च्या व्याख्येत रोपंही येतात. विक्रीच्या परवान्याचं तालुका कृषी कार्यालयात आधी विचारून घ्या.

ट्रे_१०४

खताचं राहिलं. पहिली खरी दोन पानं (बीपानांनंतरची) येईपर्यंत काहीही नाही. मग 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य खत) लिटरला 1 ग्रॅम, तीन-चार दिवसांच्या अंतरानं. मध्ये एकदा कॅल्शियम नायट्रेट तेवढंच. दोन्ही एका झारीत नको, फॉस्फेट आणि कॅल्शियम मिळून पांढरा साका बसतो आणि दोन्ही वाया जातात. रोप गर्द हिरवं, लुसलुशीत दिसलं की गिऱ्हाईक खूश होतं, पण ते रोप शेतात पहिल्या दुपारी माना टाकतं. शेवटचे पाच-सहा दिवस खत बंद, पाणी तोडून, सावलीची जाळी असेल तर काढून पूर्ण ऊन. खोडाला जांभळट झाक आली आणि रोप वाकवल्यावर परत उभं राहिलं की तयार.

उंची रोखायला वाढरोधक औषध वापरायचा सल्ला कोणीतरी देईलच. टाळा. प्रमाण जरा चुकलं की शेतात गेल्यावरही रोप आठ-दहा दिवस हलत नाही. गाडी उशिरा येणार असेल तर पाणी कमी आणि ट्रे एकमेकांपासून लांब, एवढ्यानं तीन-चार दिवस निघतात.

आणि नुसत्या टोमॅटोवर वर्ष काढू नका. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात झेंडू टाका, वीस दिवसांत रोप, दसऱ्याच्या फुलांसाठी शेतकरी स्वतः शोधत येतो. सप्टेंबरपासून कोबी-फ्लॉवर. मिरची 35 ते 40 दिवस जागा अडवते, तिची करणावळ टोमॅटोएवढी घेतली तर तोटाच. शिकायचं असेल तर नारायणगावचं कृषी विज्ञान केंद्र तुम्हाला जवळ आहे, आणि एकदा पिकअप करून बारामतीचं भाजीपाला गुणवत्ता केंद्र सगळ्या दहा जणींनी बघून या. दोघींनाच पाठवू नका.

सदाशिवपेठी_गच्ची

शहरातून एक पुरवणी. पुण्यात गच्चीवर भाजी लावणारे खूप आहेत आणि त्यांना 7,000 रोपं नको असतात, सहा हवी असतात: दोन टोमॅटो, दोन मिरची, दोन वांगी. ऑर्डरमधून उरलेले दोन-तीन टक्के ट्रे कापून सहा-सहाच्या पट्ट्या केल्या तर शेतकऱ्याच्या दराच्या कितीतरी पट मिळतात. फक्त पट्टीवर वाणाचं नाव आणि टाकल्याची तारीख चिकटवा, आणि गच्चीसाठी बुटका वाण असेल तर तसं लिहा. डिसेंबरात भीमथडी जत्रेला गटांचे स्टॉल असतात, तिथं न्यायची टोमॅटोची रोपं नोव्हेंबरच्या मध्यावर टाकावी लागतील, मिरची त्याआधी. थंडीत दोन-चार दिवस जास्तच धरा.